काळ्या पाण्यावरचा गळ

पाऊस ओसरून आकाश निवळले की मराठी मध्यमवर्गीय घरांत सहलींचे बेत शिजू लागतात. एके काळी या बेतांची धाव महाबळेश्वर-माथेरानपर्यंत आणि घरात वडीलधारी मंडळी असतील तर काशी-रामेश्वरापर्यंत असे. आता ती समुद्र ओलांडून अंदमानपर्यंत पोचली आहे, याबद्दल कोणी हळहळण्याचे कारण नाही. तथापि गेल्या काही वर्षांत या बेटांच्या जाहिरातींत एका नव्या आकर्षणाची भर पडली आहे. सेल्युलर तुरुंग, राधानगरचा किनारा आणि पोवळ्यांवरून फिरणाऱ्या काचेच्या तळाच्या होड्या यांच्या जोडीला आता गळाने प्रचंड मासे धरण्याचा खेळ आला आहे. पुरुषभर लांबीचा मासा दोन्ही हातांनी छातीशी धरून काढलेली छायाचित्रे मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित वर्तुळांतही मिरवली जाऊ लागली आहेत.

मासे गरवण्याच्या छंदाला दैनिकाच्या पहिल्या पृष्ठावर अग्रलेखाचा मान कशासाठी, असे काही वाचक विचारतील. त्यांचे विचारणे अयोग्य नाही. परंतु हा छंद ज्या पाण्यात चालतो ते पाणी कोणाच्या मालकीचे तळे नव्हे. ते राष्ट्राचे सामायिक धन आहे. त्यातील मासा कोणी, केव्हा, किती आणि कशासाठी धरावा हा लोकनीतीचा प्रश्न आहे, आणि अशा प्रश्नांत व्यवहार पुढे धावतो व नियम मागाहून लंगडत येतात हा आपला जुना अनुभव आहे. महाबळेश्वर-पाचगणीला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरवण्यास २००१ साल उजाडावे लागले, माथेरानला २००३. तोवर जे व्हावयाचे ते बरेचसे होऊन गेले होते. अंदमानच्या समुद्रात त्याची पुनरावृत्ती टाळण्यास अद्याप अवधी आहे, असे आम्हांस वाटते.

मराठी माणसाच्या मनात अंदमान हा शब्द अन्य प्रांतीयांहून निराळ्या वजनाने उमटतो. १८९६ मध्ये ज्याचे बांधकाम सुरू झाले व १९०६ मध्ये जे पुरे झाले त्या तुरुंगात सावरकर १९११ पासून दहा वर्षे होते. आज प्रवासी ज्या विमानतळावर उतरतो त्याला त्यांचेच नाव आहे आणि त्याच्या नव्या इमारतीचे उद्घाटन जुलै २०२३ मध्ये झाले. ज्या पाण्याकडे बंदिवानाने कोठडीच्या गजाआडून पाहिले त्याच पाण्यावर आज आपण विरंगुळ्यासाठी जातो, यात विपरीत काही नाही. तुरुंगाची स्मारके व्हावीत आणि काळ्या पाण्याचे निळे पाणी व्हावे, हेच स्वातंत्र्याचे फळ होय. मात्र तुरुंग पाहून परतणाऱ्याला अंदमानचा समुद्र ठाऊक होत नाही, आणि गळ टाकावयास जाणाऱ्याला तो ठाऊक असल्यावाचून चालत नाही.

ही बेटे म्हणजे ब्रह्मदेशाच्या आराकान पर्वतरांगेची समुद्रात बुडालेली शेपटी. बेटे आणि खडक मिळून त्यांची गणना आठशेच्या वर जाते, वस्ती मात्र मोजक्या बेटांवरच आहे. एकूण भूमी ८,२४९ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम जिल्ह्याएवढी. परंतु तिच्याभोवतीचे भारताचे अनन्य आर्थिक क्षेत्र सुमारे सहा लाख चौरस किलोमीटर आहे, आणि देशाच्या अशा सागरी क्षेत्राचा जवळजवळ तिसरा हिस्सा एवढ्याशा भूमीमुळे आपल्या पदरात पडला आहे. कोकण किनाऱ्यावरून समुद्रात निघालेल्या होडीला खोल पाण्यासाठी फार दूर जावे लागते, कारण आपल्या पश्चिम किनाऱ्याचा उथळ पट्टा रुंद आहे. अंदमानात तसे नाही. पोवळ्यांची कड संपली की तळ एकदम खाली उतरतो. त्यामुळे खडकाळ पाण्यातले मासे आणि भर समुद्रात हिंडणारे मासे एकाच दिवशी, एकाच होडीतून गळाला लागू शकतात. गळवाल्यांना या बेटांचे वेड आहे ते याचमुळे.

त्यांच्या वेडाची परमावधी पाहावयाची असेल तर बॅरन बेटाचे नाव घ्यावे. पोर्ट ब्लेअरच्या, म्हणजे सप्टेंबर २०२४ पासून ज्याचे नाव श्री विजयपुरम् झाले त्या गावाच्या, ईशान्येस सुमारे १४० किलोमीटरवर हा भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी आहे. दीर्घकाळ निद्रिस्त राहून तो १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला आणि त्यानंतर अधूनमधून धुमसतच आहे. त्याचे शिखर पाण्यावर साडेतीनशे मीटरांच्या आसपास दिसते, परंतु त्याचे मूळ सुमारे दोन किलोमीटर खोल आहे. अशा उभ्या कड्याच्या पायथ्याशी लाटा, प्रवाह आणि लहान मासळी एकत्र येते व त्यांच्या मागोमाग मोठे शिकारी मासे येतात. बेट अभयारण्य असून त्यावर उतरण्यास मनाई आहे. होडीतूनच ते पाहावयाचे.

या खेळाचा नायक म्हणजे जायंट ट्रेव्हॅली नावाचा मासा. कपाळ उभे, जबडा बोथट, अंग चांदीच्या ढालीसारखे. नर वयात आला की काळवंडतो. या जातीचा मासा ८० किलोपर्यंत वाढल्याची नोंद आहे, परंतु त्याच्या निम्म्या वजनाचा मासाही धट्ट्याकट्ट्या तरुणाला घाम फोडतो. त्याला धरण्याची रीत आपल्या खाडीवर गरी टाकून तासन्‌तास बसणाऱ्या माणसाच्या रीतीच्या अगदी उलट आहे. येथे बसणे नाही. लाकडाचे वा प्लॅस्टिकचे पोकळ तोंडाचे आमिष कड्याच्या फेसात शक्य तितके दूर फेकावयाचे आणि झटके देत ओढावयाचे, म्हणजे पाण्यावर बद्द बद्द आवाज होतो आणि घायाळ मासा तडफडत असल्याचा भास निर्माण होतो. पाचशे वेळा फेकावे, चारशे नव्याण्णव वेळा काही होऊ नये आणि एकदा पाणी फुटावे. या जोडीला कुपा मासे, सुरमईचे आडदांड भाऊबंद, पाठीवर शिडासारखा पर उभारणारा सेलफिश, आणि खोल पाण्यात तांबोशी व हेकरू. ज्याने आयुष्यात कधी तरी गरी टाकली आहे त्याच्या हाताला हे वर्णन वाचूनच कंड सुटेल, हे आम्ही नाकारीत नाही.

आता बेताविषयी. नैर्ऋत्य मोसमी वारे भारतात प्रथम पोचतात ते अंदमानातच, बहुधा मेच्या तिसऱ्या आठवड्यात. तेथून समुद्र खवळलेला असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात वादळे उठतात. म्हणून डिसेंबर-जानेवारीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचा काळ हाच खरा हंगाम. एप्रिलचा मध्य ही मर्यादा आम्ही केवळ हवेकडे पाहून सांगत नाही. १५ एप्रिल ते १४ जून असे ६१ दिवस पूर्व किनाऱ्याच्या व अंदमान-निकोबारच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात यांत्रिक मासेमारी बंद असते. आपल्याकडे जून-जुलैत जी बंदी असते आणि नारळी पौर्णिमेला कोळी ज्या अर्थाने समुद्राला नारळ अर्पण करून पुन्हा नाव लोटतो, तोच अर्थ या बंदीमागे आहे. माशांच्या विणीला उसंत मिळावी, एवढेच. पोटासाठी जाळे टाकणाराने जेव्हा नाव किनाऱ्याला लावली असेल त्या दिवसांत मौजेसाठी गळ टाकणाराने समुद्रात जावे, याचे समर्थन कोणत्याही युक्तिवादाने होणार नाही. मोसमाच्या अखेरीस स्वस्तात मिळते म्हणून मेची तारीख घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

खर्चाविषयी भ्रम नसावा. साधनांसह चांगली होडी एका दिवसासाठी घ्यावयाची म्हटली तरी रक्कम हजारांत नव्हे, दहा हजारांच्या पटीत मोजावी लागते. बॅरनसारख्या ठिकाणी जाऊन पाण्यावरच रात्री काढावयाच्या असतील तर तो बेत चार-सहा जणांनी मिळूनच करावा. तेथे डॉक्टर नाही, तारायंत्र नाही, भ्रमणध्वनीला संदेश नाही. तळव्यात रुतलेला गळ कापावयास जाड तारेची कात्री बरोबर असावी. ही गोष्ट हास्यास्पद वाटते, पण ती तशी वाटते केवळ दिवाणखान्यात. परदेशस्थ आप्तांना बरोबर नेणाऱ्यांनी त्यांना आधीच बजावावे की उपग्रह-दूरध्वनी परवानगीवाचून भारतात आणणे हा गुन्हा आहे. या निष्काळजीपणामुळे परदेशी प्रवाशांवर विमानतळावरच अटकेचा प्रसंग ओढवला आहे. परतताना शंख-पोवळी पिशवीत घालण्याचा मोहही असाच महागात पडतो. आणि खाडीतील कांदळवनाच्या कडेने तांबोशीच्या मागे जाणाऱ्याने मगरीचा फलक पाहून हसू नये. २०१० मध्ये हॅवलॉकजवळ, म्हणजे आजच्या स्वराज द्वीपाजवळ, पोहणाऱ्या एका परदेशी पर्यटक स्त्रीचा मगरीने बळी घेतला होता.

नॉर्थ सेंटिनेल बेटाविषयी अधिक गंभीरपणे सांगितले पाहिजे. १९५६ च्या आदिवासी संरक्षण नियमान्वये तेथे आणि त्याच्या भोवतीच्या पाण्यात जाण्यास मनाई आहे. २०१८ च्या नोव्हेंबरात एक अमेरिकन तरुण धर्मप्रसारासाठी तेथे गेला व प्राणास मुकला. त्याला तेथवर नेणारे मच्छीमारच होते, पैशासाठी. या बेटाभोवती मासा विपुल आहे असे कोणी होडीवाला कानात सांगेल. तो मासा त्या लोकांचा आहे. बाहेरच्या एका सर्दीच्या जंतूने ज्यांचा समूळ नाश होऊ शकतो त्यांच्या दारात आपण छंदासाठी जावयाचे, याला साहस म्हणत नाहीत. वंडूरचे महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान (१९८३) आणि रिची द्वीपसमूहातील राणी झांशी उद्यान (१९९६) यांच्या हद्दीतही मासा धरणे गुन्हाच आहे, आणि या हद्दी पाण्यावर आखलेल्या नसतात. त्या नकाशावर असतात. म्हणून नकाशा पाहणारा नावाडी हवा.

एवढे झाल्यावर आम्ही मूळ प्रश्नाकडे वळतो. या खेळाचे पुरस्कर्ते सांगतात की आम्ही मासा मारीत नाही, धरतो आणि सोडतो, म्हणजे आमच्यामुळे समुद्राचे काहीच नुकसान नाही. हे उत्तर आपल्या कोळी बांधवांना मुळातच चमत्कारिक वाटेल. खावयाचा नसेल तर धरावा कशाला, हा त्यांचा प्रश्न निरक्षराचा म्हणून उडवून लावता येत नाही. स्वित्झर्लंडच्या प्राणिसंरक्षण नियमांनी नेमकी हीच भूमिका घेतली आहे. सोडण्याच्याच हेतूने मासा धरणे तेथे निषिद्ध आहे, कारण केवळ करमणुकीसाठी जिवाला क्लेश देणे त्यांना मान्य नाही. आम्ही इतक्या टोकाला जाऊ इच्छीत नाही. पण 'नुकसान नाही' हे विधान तपासून पाहिल्यावाचून स्वीकारावयासही आम्ही तयार नाही.

पृष्ठभागावर धरलेला ट्रेव्हॅली जाड दोराने लवकर ओढून घेतला, एकेरी आणि काटा चेपलेला गळ वापरला, पाण्याबाहेर फार वेळ ठेवला नाही आणि प्रवाहाकडे तोंड करून सोडला, तर तो बहुधा वाचतो. येथवर पुरस्कर्त्यांचे म्हणणे खरे. पण खोल पाण्यातून वर ओढलेल्या हेकरूची गोष्ट निराळी आहे. त्याच्या अंगातील वायूची पिशवी वर येता येता फुगते, जठर तोंडातून बाहेर येते, डोळे सुजतात. असा मासा सोडला तरी तो खाली जाऊ शकत नाही, पाण्यावर उलटा तरंगत राहतो आणि शार्कच्या किंवा पक्ष्यांच्या तोंडी पडतो. छायाचित्रात तो 'सोडलेला' असतो. वजन बांधून त्याला पुन्हा खोल नेण्याची साधने आहेत, परंतु ती वापरण्याइतका धीर छायाचित्र काढून झाल्यावर किती जणांना राहतो? त्यातून हेकरूच्या अनेक जाती जन्मतः मादी असतात आणि मोठ्या झाल्यावर नर होतात. म्हणजे मोठ्यात मोठा मासा हवा असा हट्ट धरणारा गळवाला नकळत त्या खडकावरचे नर वेचून काढीत असतो. हेकरूंतील सर्वांत अजस्र जात तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ती गळाला लागली तर दोर कापावा, होडीत घेऊन मिरवू नये.

या वादात आपल्या देशातच घडलेला एक धडा आहे, आणि त्याचे एक टोक लोणावळ्याला आहे म्हणून तो आम्ही थोडा विस्ताराने सांगतो. कर्नाटकात कावेरीच्या काठी अनेक वर्षे महसीर माशासाठी गळवाल्यांची शिबिरे चालत. इंग्रज अधिकाऱ्यांच्या काळापासून या माशाची कीर्ती होती. हेन्री सलिव्हन टॉमसने १८७३ मध्ये भारतातील गळाच्या खेळावर जे पुस्तक लिहिले त्याचा खरा नायक महसीरच आहे. शिबिरांची रीत धरून सोडण्याची होती. पूर्वी सुरुंग लावून मासे मारणाऱ्या गावकऱ्यांनाच तेथे वाटाडे व पहारेकरी म्हणून नेमले गेले आणि नदीच्या त्या टप्प्यावरील चोरटी मासेमारी आटोक्यात आली. येथवर गोष्ट उजळ आहे. पुढे २०१२ च्या सुमारास, अभयारण्यात गळ टाकणे हीही शिकारच या अर्थाने, शिबिरांतील गळ बंद झाले. गळवाले रुष्ट झाले. संरक्षकांतही दोन तट पडले. कोणाचे बरोबर होते हा वाद आजही मिटलेला नाही.

परंतु खरी गोष्ट त्याहून विलक्षण आहे. त्यांतील एका शिबिराने १९९८ पासून धरलेल्या प्रत्येक माशाची नोंद ठेवली होती. जात, वजन, धरणाऱ्याने घातलेले तास. संशोधकांनी ती चोपडी पुढे तपासली तेव्हा दिसले की एकूण महसीर वाढत होते, गळवाले खूष होते, आणि त्याच वेळी कावेरीचा स्वतःचा, जगात अन्यत्र कोठे न आढळणारा कुबड्या महसीर जवळजवळ नाहीसा होत होता. वाढत होता तो निळ्या परांचा महसीर, म्हणजे आपल्या दख्खनच्या नद्यांतला. त्याची पिल्ले लोणावळ्याच्या उबवणी केंद्रात वाढवून, चांगल्याच हेतूने, दूरदूरच्या पाण्यांत सोडली गेली होती. कुबड्या महसीराची शास्त्रीय ओळख २०१८ मध्ये पक्की झाली आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय यादीत तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. 'मासा भरपूर आहे' या समाधानामागे एक जात संपत होती, आणि ती संपत आहे हे कोणा अधिकाऱ्याच्या अहवालाने नव्हे, गळवाल्यांच्याच चोपडीने सांगितले. छंद वाईट की चांगला यापेक्षा छंदाची नोंद होते की नाही, याला किती महत्त्व आहे ते यावरून दिसावे.

अंदमानसाठी आम्ही आधी मागतो ती हीच चोपडी. प्रत्येक परवानाधारक होडीने प्रत्येक फेरीत धरलेला मासा, त्याची जात, अंदाजी लांबी, तो धरलेले ठिकाण, तो सोडला की ठेवला, आणि किती गळ किती तास पाण्यात होते, हे लिहून मत्स्यव्यवसाय खात्याकडे द्यावे व खात्याने ते दरसाल प्रसिद्ध करावे. यास मोठा खर्च नाही. ज्याला माशाचे छायाचित्र काढावयास वेळ आहे त्याला चार रकाने भरावयास वेळ नाही, असे म्हणता येणार नाही. नोंद गुप्त राहिली तर मात्र तिचा उपयोग शून्य. आपल्या सरकारी खात्यांना आकडे जमवण्याची आवड आहे, दाखवण्याची नाही.

इतर देशांनी काय केले ते पाहावे. मध्य अमेरिकेतील बेलीझ या चिमुकल्या देशाने २००९ मध्ये बोनफिश, टारपन आणि पर्मिट या तीन जाती केवळ धरून सोडण्यासाठी राखून ठेवल्या. मेलेला मासा एकदाच विकला जातो, जिवंत मासा वर्षानुवर्षे पाहुणे आणतो, हा त्यामागचा रोकडा हिशेब होता. बहामाने २०१७ पासून उथळ पाण्यात गळ टाकणाऱ्या पाहुण्याला वैयक्तिक परवाना सक्तीचा केला. आपल्या शेजारच्या मालदीवने २०१० मध्ये शार्कची मासेमारी सर्वस्वी बंद केली, कारण पाण्याखाली शार्क पाहावयास येणाऱ्या प्रवाशाकडून मिळणारा पैसा त्याच्या परांच्या किमतीहून अधिक आहे हे त्यांना उमगले. हे देश भारताहून श्रीमंत म्हणून असे वागले नाहीत. त्यांच्याजवळ दुसरे काहीच नव्हते म्हणून ते असे वागले.

पैशाचा विषय निघालाच आहे तर तो पुरता बोलला पाहिजे. अंदमानात पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगणारी माणसे आहेत. आंध्र व बंगालमधून आलेले वसाहतवाले आहेत. मायाबंदरजवळच्या वेबी गावात १९२५ मध्ये ब्रह्मदेशातून आणून वसवलेल्या करेन लोकांचे वंशज आहेत. या पाण्याची जाण त्यांच्याइतकी कोणाला असणार? पण यंत्र, परदेशी सामान, जाहिरात आणि पाहुण्याशी बोलावयाची भाषा ज्याच्याजवळ, त्याच्याच हाती हा धंदा राहतो, आणि प्रवाह ओळखणारा माणूस दिवसाच्या मजुरीवर वल्ही सांभाळतो, हा धोका उघड आहे. कावेरीवर जे थोडे चांगले घडले ते नदीकाठच्या माणसाला नदी राखण्याचा पगार मिळाला म्हणून घडले. परवाना देताना नावाडी व वाटाड्या स्थानिक असावा, त्याला ठरीव वेतन असावे, आणि स्थानिक मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना अशा होड्यांसाठी कर्जात अग्रक्रम असावा, एवढे तरी प्रशासनास करता येईल. पाहुण्यांच्या होड्यांनी खडक अडवल्यामुळे स्थानिकाला आपल्या नेहमीच्या जागेवर जाता येत नाही अशी तक्रार उद्भवली तर तिचा निकाल स्थानिकाच्या बाजूने लागला पाहिजे. तो तेथे चार दिवसांसाठी आलेला नाही.

लक्षद्वीपचा उल्लेख येथे टाळता येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान तेथे जाऊन आल्यावर आणि मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी अनुदार उद्गार काढल्यामुळे त्यांना निलंबित व्हावे लागल्यावर, अनेकांनी देशाभिमानाच्या भरात मालदीवचे बेत मोडून लक्षद्वीपचे आखले. भावना समजण्याजोगी आहे, पण लक्षद्वीपची भूमी अवघी ३२ चौरस किलोमीटर आहे आणि तीवर ६४,४७३ माणसे राहतात, असे २०११ ची शिरगणती सांगते. तेथील कोळी काठी व दोराने एकेक कुपा धरतो आणि त्यासाठी लागणारे जिवंत आमिष खाजणातल्या उथळ पाण्यातून मिळवतो. ही जगातील अत्यंत निर्मळ मासेमारींपैकी एक होय. त्या खाजणात खेळाच्या होड्यांची गर्दी झाली तर प्रथम जाईल ते त्याचे आमिष. तेथे या खेळाला हात घालण्यापूर्वी बेटवासीयांची संमती घेतलीच पाहिजे, आणि संमती म्हणजे मंडपातील टाळ्या नव्हेत.

या सर्वांवर उष्णतेचे संकट आहे, ते कोणा होडीवाल्याच्या हातचे नाही. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये समुद्राचे पाणी तापून आपल्या बेटांभोवतीची पोवळी पांढरी पडली. २०२४ मध्ये लक्षद्वीपला तो तडाखा पुन्हा बसला. २००४ च्या त्सुनामीच्या भूकंपाने उत्तर अंदमानात तर पोवळ्यांचे खडकच पाण्याबाहेर उचलले गेले. आजारातून उठत असलेल्या माणसाकडून आपण जडकाम करून घेत नाही. ज्या उन्हाळ्यात पाणी तापल्याची सूचना हवामानशास्त्रज्ञ देतील त्या उन्हाळ्यात खडकांवरचा गळ काही आठवडे बंद ठेवण्याचा अधिकार प्रशासनाला हवा, आणि आगाऊ रक्कम भरलेल्या प्रवाशाला ती परत मिळण्याची तरतूदही हवी. नाही तर त्या अधिकाराचा वापर कोणी करणार नाही.

ही व्यवस्था या हंगामाच्या आत उभी राहील अशी आशा आम्ही बाळगीत नाही. पण अंदमानला निघालेल्या आमच्या वाचकाला तिच्यासाठी थांबण्याची गरज नाही. होडीची अनामत भरण्यापूर्वी त्याने मालकाला होडीच्या परवान्याचा क्रमांक विचारावा आणि तो मत्स्यव्यवसाय खात्यात पडताळून पाहावा. त्याने फेरीच्या ठिकाणांची नावे आधी लिहून मागावी. खोल पाण्यातून वर आलेला हेकरू परत खाली नेण्याचे साधन होडीत आहे काय, हेही विचारावे. शेवटच्या प्रश्नावर समोरचा माणूस बुचकळ्यात पडला, तर दुसरी होडी शोधावी.